मेमध्ये लग्न, मग नाक कधी टोचायचं?

साखरपुडा होतो, शालू ठरतो, नथ सराफ बाजारातून घडवून येते. मग एप्रिलमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं की नवरीचं नाक टोचलेलंच नाही. त्या वेळी टोचलं, तर मोत्यांची वजनदार नथ कच्च्या जखमेत अडकवावी लागते. आदल्या दिवशी हळद त्याच जखमेवरून फिरलेली असते आणि मेकअपवालीचा स्पंजही. मेमधल्या लग्नासाठी नाक नोव्हेंबरातच टोचून घ्यावं, डिसेंबर उजाडू देऊ नये. नाशिकची थंडीही तेव्हा सोयीची पडते, कारण घाम कमी येतो आणि चेहरा सारखा पुसावा लागत नाही.

एवढे महिने कशाला लागतात? टोचलेलं भोक वाळणं आणि भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोगद्याला अस्तर घालत जावं, तशी नवी कातडी भोकाच्या दोन्ही तोंडांपासून आत सरकत जाते आणि मधोमध सर्वांत शेवटी पोचते. त्यामुळे महिन्याभरात बाहेरून सगळं कोरडं, छान दिसतं, पण आत अजून ओलं असतं. लोक फसतात ते नेमके इथे. चमकी काढून दुसरी घालायला जातात, आतलं कोवळं अस्तर खरवडलं जातं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

कानाच्या पाळीला ६ ते ८ आठवडे पुरतात, कारण तिथे मांस आणि रक्तपुरवठा भरपूर असतो. नाकपुडीला ४ ते ६ महिने धरावेत. बुगडी घालतात तो कानाचा वरचा कडक भाग ६ महिन्यांपासून वर्षभरही घेतो. बेंबीला ९ ते १२ महिने लागतात, कारण बसताना, वाकताना ती सारखी दुमडते आणि जीन्सचा पट्टा किंवा साडीच्या निऱ्या तिथेच घासतात. जीभ मात्र ४ ते ६ आठवड्यांत भरते. (पहिले काही दिवस नाशिकची मिसळ विसरायची, एवढीच शिक्षा.)

लग्नाला दोनच महिने उरले असतील, तर टोचूच नका. दाबाची नथ घ्या. हल्ली ती इतकी सुबक मिळते की फोटोत फरक कळत नाही. पण एक चूक करू नका: नाक नुकतंच टोचलंय आणि त्याच नाकपुडीवर दाबाची नथ चिमटलीय, हे सगळ्यांत वाईट. ताज्या जखमेवर तासन्‌तास दाब पडला की सूज येते आणि चमकीची चकती कातडीत रुतून बसते.

आता कुठे टोचायचं ते. नाशिकमध्ये साधारण तीन वाटा आहेत: पिढीजात टोचणारे सोनार, बंदुकीने टोचून देणारी दुकानं आणि पार्लर, आणि पोकळ सुईने टोचणारे स्टुडिओ किंवा कान-नाक-घसा आणि त्वचेच्या डॉक्टरांचे दवाखाने.

सोनाराच्या हाताला नावं ठेवण्यात अर्थ नाही. नाकपुडीवरची जागा हेरण्याची त्यांची नजर अनेक नवशिक्यांपेक्षा चांगली असते. प्रश्न हाताचा नाही, निर्जंतुकीकरणाचा आहे. सोन्याच्या तारेचं टोक घासून, स्पिरिटमध्ये बुडवून तीच तार आरपार नेली जाते. स्पिरिटने बरेच जंतू मरतात, पण सगळे नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावरसुद्धा किमान ७ दिवस तग धरतो. नुसत्या उकळत्या पाण्यातही काही जिवाणूंचे बीजाणू शिल्लक राहतात. खात्रीचा उपाय ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालची वाफ: १२१ अंश सेल्सिअस, १५ पौंड दाब, पाकीटबंद सामान असेल तर साधारण ३० मिनिटं. पातळ तारेची आणखी एक अडचण आहे. तिच्यावर वजन आलं की ती कातडी हळूहळू खाली कापत नेते. वर्षानुवर्षं जड दागिने घालणाऱ्या बायकांच्या पाळीतली लांबट भोकं अशीच होतात.

बंदूक दिसायला आधुनिक आणि झटपट, म्हणून आयांना तिचा भरवसा वाटतो. खरं तर ती बोथट टोकाची कुडी स्प्रिंगच्या जोराने मांसातून ढकलते, म्हणजे भोक कापत नाही, ऊती चिरडते. प्लास्टिकची साधी बंदूक ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही, ती वितळेल. शिवाय कुडीची लांबी ठरलेली असते, सुजेला जागा राहत नाही. पाकीटबंद, एकदाच वापरायच्या कॅसेटची बंदूक पाळीपुरती एक वेळ चालेल. कानाच्या वरच्या भागाला आणि नाकाला बंदूक लावू देऊ नका. तिथली कूर्चा, म्हणजे कातडीखालचं लवचीक मऊ हाड, या धक्क्याने तडकू शकते.

पोकळ सुई मांसाचा बारीकसा भाग कापत जाते आणि तिच्या मागोमाग दागिना सरकतो. नाकासाठी ०.८ किंवा १ मिमी जाडीची, वरच्या कानासाठी १.२ मिमी, बेंबी आणि जिभेसाठी १.६ मिमी अशी जाडी सर्रास वापरतात. दागिन्यांच्या भाषेत हेच २०, १८, १६ आणि १४ गेज. इंजेक्शनच्या सुयांचे नंबर मात्र वेगळे असतात. दवाखान्यातली १८ नंबरची सुई साधारण १.२७ मिमी जाड असते, म्हणून नंबर न विचारता मिलिमीटर विचारा.

नथ आधीच घडवली असेल, तर इथे एक काम करून ठेवा. सोनाराकडून नथीच्या तारेची जाडी व्हर्निअरने मोजून घ्या. भोक ०.८ मिमीचं आणि नथीची तार १.२ मिमीची असेल, तर लग्नाच्या सकाळी ती दाबून घालताना नाक फाटतं. नथ अजून घडायची असेल, तर काम सोपं: तार भोकाच्या मापाची करायला सांगा.

धातूवर बरंच बोलायला हवं, कारण 'पू झाला' म्हणून येणाऱ्या तक्रारींत जंतूंचा हात नसून निकेलचा असतो असं पुष्कळदा निघतं. बेंटेक्स, वन ग्राम, ऑक्सिडाइज्ड यांतलं काहीही ताज्या भोकात नको. मुलामा महिन्याभरात घासला जातो आणि खालचं पितळ, तांबं किंवा निकेल उघडं पडतं. चांदीही नको. ती ओल्या जखमेत काळवंडते आणि कातडीत कायमचा करडा डाग सोडू शकते. व्हाइट गोल्डमध्ये बरेचदा निकेल मिसळलेलं असतं, विचारूनच घ्या.

सर्वांत निर्धोक म्हणजे इम्प्लांट दर्जाचं टायटेनियम, प्रमाण एएसटीएम (मानकं ठरवणारी अमेरिकन संस्था) एफ १३६. शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठी हेच प्रमाण वापरतात. नुसतं 'सर्जिकल स्टील' या शब्दांना काही अर्थ नाही. प्रमाण एएसटीएम एफ १३८ असेल तर ठीक. सोनंच हवं असेल, तर १४ ते १८ कॅरेटचं, निकेल नसलेलं घ्या. आपल्याकडे २२ कॅरेटचा आग्रह असतो, पण ते मऊ. त्यावर बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत लस, म्हणजे जखमेतून झिरपणारं पाणी, वाळून साचते. भोक भरल्यावर २२ कॅरेट खुशाल घाला. हॉलमार्कमध्ये ९१६ म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८ आणि ५८५ म्हणजे १४. मात्र २ ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि चमकी त्याहून कितीतरी हलकी असते. म्हणजे इथे शिक्का शोधण्यापेक्षा पावतीवर कॅरेट लिहून घेणंच कामाला येतं.

सराफ बाजारातून चमकी घेऊन ती दवाखान्यात निर्जंतुक करून घालायला सांगता येतं, बरेच डॉक्टर तयार होतात. पण मोत्याची किंवा चिकटवलेल्या खड्याची चमकी त्यासाठी नेऊ नका, वाफेत मोत्याचं पाणी जातं आणि खडा सुटतो. साधी सोन्याची टिकली किंवा धातूच्या पकडीत बसवलेला खडा न्या. आकारात आतून सपाट चकती असलेला सरळ दांडा सर्वांत बरा. मळसूत्राच्या चमकीचे आटे दांड्यावर बाहेर असतात, ते घालताना-काढताना आतली कातडी कापतात. दांडा सुरुवातीला जरा लांब हवा, नाकासाठी ७ ते ८ मिमी. तो बाहेर आल्यासारखा दिसतो म्हणून कुरकुर होते, पण ती जागा सुजेसाठी असते. ४ ते ८ आठवड्यांनी सूज उतरली, की त्याच माणसाकडून आखूड दांडा बसवून घ्या. ही दुसरी फेरी लोक हमखास विसरतात. मग लांब दांडा पदरात, टॉवेलमध्ये अडकत राहतो, भोक तिरकं होतं आणि बाजूला गाठ येते.

टोचायच्या दिवशी उपाशी जाऊ नका. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा उपवास असेल, तर वार बदला. रिकाम्या पोटी चक्कर येते आणि दोष सुईला जातो. आधी धनुर्वाताचं इंजेक्शन १० वर्षांच्या आत झालंय का पाहा. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल, तर हे निमित्त चांगलं: ३ डोस, पहिल्यानंतर १ महिन्याने आणि ६ महिन्यांनी. मधुमेह ताब्यात नसेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाच्या झडपेचा आजार असेल, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा घरात कुणाला जखमेवर जाड, वाढत जाणारा व्रण येत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात बेंबी तर नकोच.

तिथे गेल्यावर नजर हातांवर ठेवा. हात धुतले, नवे हातमोजे घातले, सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं. निर्जंतुक झाल्याची खूण म्हणून पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला हवा. कातडी बीटाडीनने पुसली, तर ते वाळू द्यायला साधारण २ मिनिटं लागतात. ओल्यावर लगेच सुई घातली तर त्या पुसण्याला अर्थ राहत नाही. खूण बसलेल्या स्थितीत, चेहरा सैल ठेवून करतात. आडवं झोपवून केलेली खूण उठल्यावर सरकलेली दिसते. खूण आरशात पाहा आणि पटली नाही तर पुसायला सांगा, दहा वेळा सांगावं लागलं तरी. सुई नाकपुडीच्या पृष्ठभागाला काटकोनात जायला हवी, नाहीतर टिकली एका बाजूने उचललेली राहते. सुई आत गेली, की डोळ्यांत पाणी येतं. ते रडणं नसतं, नाकातल्या मज्जातंतूची प्रतिक्रिया असते. मोजे घातलेल्या हातांनी मध्येच मोबाइल उचलला किंवा सुई खाली पडूनही तीच वापरली, तर उठून या. पैसे गेले तरी चालतील.

घरी आल्यावरची काळजी इतकी साधी आहे की लोकांचा तिच्यावर विश्वासच बसत नाही. दिवसातून दोनदा ०.९ टक्के निर्जंतुक सलाइन, बाकी हात लावायचा नाही. मेडिकलमध्ये 'एनएस' (नॉर्मल सलाइन) मागा. १० मिलीच्या प्लास्टिकच्या ॲम्प्युल मिळाल्या तर उत्तम, एका वेळी एक फोडायची, उरलेलं टाकून द्यायचं. गोळे कॉलनीतल्या औषधांच्या दुकानांत त्या शोधायला सोप्या. १०० मिलीची बाटली घेतली, तर उघडल्यावर २४ तासांनी टाकून द्या. मिठाचं पाणी घरी करायचा मोह नको. त्याचं प्रमाण हमखास चुकतं, खारट जास्त झालं की कातडी कोरडी पडून फुटते. नाकात मारायचा सलाइन स्प्रेही चालतो, पण लेबल वाचा. नाक मोकळं करायच्या थेंबांत झायलोमेटाझोलिन असतं, ते जखमेसाठी नाही. दुकानदार घाईत तेच हातात ठेवतो.

हात साबणाने धुवा, सलाइन भोकाच्या दोन्ही बाजूंना सोडा, मिनिटभरात खपली मऊ होईल. गॉज किंवा कागदी रुमालाने टिपून घ्या. कापूस नको, त्याचे धागे दांड्याभोवती गुंडाळले जातात. टर्किशचा टॉवेलही नको. सुटली तेवढीच खपली काढा, नखाने उचकटू नका. आंघोळीनंतर केलं की एक वेळ भागते.

आणि दागिना फिरवू नका. 'फिरवत राहा नाहीतर चिकटेल' हे प्रत्येक घरात सांगितलं जातं, पण निर्जंतुक, गुळगुळीत धातूला कातडी चिकटत नाही. चिकटते ती वाळलेली लस. ती फिरवली, की काचेच्या कणांसारखी ती खपली ओल्या अस्तरातून ओढली जाते. हळद-खोबरेल तेलाचंही तसंच. हळद गुणी असेल, पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. तेलामुळे भोकाचं तोंड बंद होतं, लस बाहेर यायला वाट राहत नाही. सोफ्रामायसिनसारखी मलमं याच कारणाने नकोत. डेटॉल, सॅव्हलॉन, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावलं, तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. कडुनिंबाची काडी घालायची जुनी रीत निदान ताज्या भोकापुरती सोडा. काडी खरखरीत असते आणि ओल्यात फुगते.

पहिल्या आठवड्यात लाली, हलकी सूज, ठणका, आणि पुढचे काही आठवडे पांढरट-पिवळसर पाणी येऊन खपली धरणं हे सगळं नैसर्गिक. आठवड्यानंतर ठणका वाढतोय, जागा गरम लागतेय, घट्ट पिवळा-हिरवा, वास येणारा पू आहे, ताप आहे, तर संसर्ग. दुखण्यापेक्षा खाज जास्त, आजूबाजूला बारीक पुरळ आणि पाण्यासारखा स्राव असेल, तर बहुधा निकेलची ॲलर्जी, तिथे धातू बदलावा लागतो. संसर्ग वाटला तरी दागिना स्वतः उपटून काढू नका. भोक तोंडापाशी आधी मिटतं आणि पू आत कोंडतो. काढायचा की ठेवायचा, ते डॉक्टर पाहून ठरवतील.

वरच्या कानाच्या बाबतीत मात्र एक दिवसही थांबायचं नाही. कानाचा वरचा भाग लालभडक, गरम, सुजलेला, हात लावू न देणारा आणि पाळी मात्र अगदी नेहमीसारखी, असं दिसलं की ते कूर्चेच्या आवरणाचं दुखणं समजा. पाळीत कूर्चा नसते म्हणून ती वाचते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण वरच्या आवरणातून होतं. पू झाला की आवरण कूर्चेपासून सुटतं, कूर्चा उपाशी मरते आणि कान कायमचा चुरगळतो. यामागे बऱ्याचदा स्यूडोमोनास हा जंतू असतो. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत, आणि त्या खाण्यात गेलेले दोन दिवसच महागात पडतात. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.

गाठ दिसली की सगळे 'कीलॉइड' म्हणतात. बहुतेक वेळा ती चिडलेल्या जखमेची साधी गाठ असते: त्या कुशीवर झोपणं, लांब दांडा, तिरकं भोक किंवा सारखा हात. कारण गेलं, की काही आठवड्यांत ती बसते. कीलॉइड काही महिन्यांनी उगवतं, टणक असतं आणि मूळ भोकाच्या हद्दीबाहेर पसरत जातं. ते त्वचेच्या डॉक्टरांचं काम. टूथपेस्ट, चुना, ॲस्पिरिनची पूड असले इंटरनेटवरचे उपाय कातडी भाजतात.

नाशिकमध्ये राहणाऱ्यांसाठी तारखांची थोडी वेगळी गणितं आहेत. रंगपंचमीला शनी चौक, दिल्ली दरवाजा किंवा तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात, उडी घ्यायची असेल, तर भोक पूर्ण भरलेलं हवं. शेकडो लोक उतरलेलं पाणी ताज्या जखमेत जाणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. रामकुंडातली डुबकी, पोहण्याचा तलाव, सोमेश्वरचा धबधबा यांनाही हेच लागू. २०२७च्या सिंहस्थात पर्वणीला स्नान करायचं असेल, तर वरचा कान वर्षभर आधी टोचलेला बरा.

'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देणाऱ्या मुलींनी परीक्षेआधी टोचू नये. केंद्रात चमकी, कुडी काहीच चालत नाही, आणि ताजं भोक काही तासांतही आक्रसतं. परीक्षेनंतर मेमध्ये टोचलं, की दिवाळीला हवी ती चमकी घालता येते. दुचाकीवाल्यांना हेल्मेट टाळता येत नाही, ते टाळूही नये. वरचा कान टोचला असेल तर हेल्मेट दोन्ही हातांनी पट्ट्या बाहेर ताणून सरळ खाली घाला, आतलं अस्तर धुवा, आणि दोन्ही कान एकाच दिवशी टोचू नका, म्हणजे झोपायला एक कूस राहते. रक्तदान करणाऱ्यांनीही लक्षात ठेवा, टोचल्यावर साधारण वर्षभर थांबायला सांगतात.

तान्ह्या बाळाचे कान बाराव्या दिवशी टोचायची घाई नको. ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी होऊ द्या, त्यांत धनुर्वाताचा भाग असतो. फिरकी घट्ट आवळू नका, ती पाळीत रुतते, आणि सुटी झाली तर बाळाच्या तोंडात जाते. रोज एकदा तपासा.

आता परत नथीकडे. भोक ५-६ महिन्यांचं झालं, पाणी येत नाही, दाबल्यावर दुखत नाही, मग लग्नाआधी दोन-तीन आठवडे नथीची तालीम करा. चमकी काढताना नवा दागिना आधी धुऊन, सलाइनमध्ये बुडवून हाताशी ठेवा. नथीच्या तारेला सलाइनचा थेंब लावून सरकवा. अडली तर जोर लावू नका, चमकी परत घाला आणि ज्यांनी टोचलं त्यांच्याकडे जा. पहिल्या दिवशी १५ मिनिटं, मग अर्धा तास, असं वाढवत न्या. नथ जड असेल, तर सोनाराला केसात अडकवायची बारीक साखळी किंवा दोरा लावून द्यायला सांगा, म्हणजे वजन नाकावर येत नाही. हळदीच्या दिवशी चमकीच ठेवा आणि हळद लावणाऱ्या काकू-मावशींना डावी नाकपुडी सोडायला आधीच बजावा. रात्री पाठवणीनंतर नथ काढून तासाभराच्या आत चमकी परत घाला. रिकामं भोक सकाळपर्यंत तसंच राहील असं धरून चालू नका.